कानाची नस उत्तर देते तेव्हा

कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया संपत आलेली असते. कानामागच्या हाडातून वाट काढून सर्जनने इलेक्ट्रोडची नाजूक तार आतल्या कानातल्या कॉक्लिआच्या वेटोळ्यात सरकवलेली असते. आता निर्जंतुक पिशवीत गुंडाळलेली कॉइल कानामागे टेकवतात. टेबलापासून चार हातांवर ऑडिओलॉजिस्ट लॅपटॉप उघडून बसलेली असते. ती एकेका इलेक्ट्रोडमधून पल्स सोडते आणि पडद्याकडे बघत राहते. एक रेषा आधी खाली झुकते आणि लगेच वर येते. ‘बावीस येतोय,’ ती म्हणते. मग एकवीस, वीस. बावीस नंबरचा इलेक्ट्रोड वेटोळ्यात सगळ्यात खोलवर असतो, म्हणून तो बोलला की सर्जनचाही जीव भांड्यात पडतो.

बाहेर बाकावर बसलेल्या आईवडिलांचा प्रश्न मात्र वेगळा असतो : ‘नस चांगली आहे ना?’

पडद्यावरची रेषा सांगते ती गोष्ट एवढीच की नसेने उत्तर दिले. ‘नसेने उत्तर दिले’ आणि ‘नस चांगली आहे’ या दोन विधानांमध्ये किती अंतर आहे, ते कशाने भरून काढता येईल आणि येईल का, यावर गेली तीस-पस्तीस वर्षे संशोधन चालू आहे. त्यात आज काय पक्के झाले आहे आणि काय अजून हातात आलेले नाही, ते या लेखात पाहायचे आहे.

मोजमापापर्यंतचा प्रवास

निरोगी कानात आवाजाचे कंपन कॉक्लिआतल्या केसपेशींपर्यंत जाते, त्या पेशी नसेतल्या तंतूंना जागे करतात आणि तीस हजारांच्या आसपास तंतू तो संदेश मेंदूकडे नेतात. जन्मजात किंवा नंतर आलेल्या तीव्र बहिरेपणात बहुतेक वेळा केसपेशी गेलेल्या असतात, तंतू मात्र पुष्कळसे शिल्लक असतात. इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट या तंतूंना विजेने जागे करते.

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंद्रे जुर्नो आणि शल्यचिकित्सक शार्ल एरियेस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला थेट विद्युत उद्दीपन दिले आणि त्याला आवाजाची जाणीव झाली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी एका इलेक्ट्रोडचे यंत्र रुळवले. मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र बसवले. त्याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याचे काम चालू होते. अमेरिकेत हाउस यांच्या यंत्राला प्रौढांसाठी १९८४ मध्ये मान्यता मिळाली. १९९० मध्ये अनेक इलेक्ट्रोडच्या यंत्राला दोन वर्षांवरच्या मुलांसाठीही परवानगी मिळाली.

मुले आली आणि प्रश्न बदलला. मोठा माणूस सांगतो, ‘आता ऐकू आलं, आता जास्त होतंय.’ दोन वर्षांचे मूल, ज्याने आयुष्यात कधी आवाजच ऐकलेला नाही, ते काय सांगणार? म्हणून शरीराकडूनच उत्तर मिळवण्याची निकड निर्माण झाली. १९७९ मध्ये स्टार आणि ब्रॅकमन यांनी विद्युत उद्दीपनानंतर मस्तिष्कस्तंभात उमटणारे प्रतिसाद डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने माणसात नोंदवले होते. पण ती लाट फार क्षीण असते आणि ती पकडण्यासाठी मूल गाढ झोपलेले लागते, पुष्कळदा औषध देऊन झोपवावे लागते.

नसेजवळच कान लावता आला तर? ही संधी इनेरेड नावाच्या एका यंत्रामुळे मिळाली. त्याच्या तारा कानामागे कातडीबाहेर काढलेल्या एका खटक्यात येत असत. संसर्गाच्या दृष्टीने ही रचना जोखमीची होती आणि पुढे ती मागे पडली, पण संशोधकांसाठी ते उघडे दार होते : एका इलेक्ट्रोडने उद्दीपन द्यायचे आणि मोकळ्या इलेक्ट्रोडवर नोंद घ्यायची. आयोवा विद्यापीठात कॅरोलिन ब्राउन, पॉल ॲबस आणि ब्रूस गँट्झ यांनी याच मार्गाने माणसातला संयुक्त क्रियाविभव नोंदवला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केला. ‘संयुक्त’ म्हणजे एकाच वेळी उद्दीपित झालेल्या शेकडो-हजारो तंतूंचा एकत्रित ठसा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘ईकॅप’ म्हणतात.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूक्लिअस २४ या इम्प्लांटमध्ये ॲम्प्लिफायरच आत बसवला गेला. नोंद कानातच होते आणि रेडिओलहरींनी कातडीतून बाहेर येते. झ्यूरिकच्या नॉर्बर्ट डिलियर आणि वाय काँग लाय यांनी त्यासाठीच्या सॉफ्टवेअरवर काम केले. ही सोय एनआरटी या नावाने ओळखली जाऊ लागली. पाठोपाठ ॲडव्हान्स्ड बायोनिक्स आणि मेडेल या कंपन्यांनीही आपापल्या यंत्रांत तशीच सोय दिली. झोपेचे औषध नको, डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवायला नकोत, मूल खेळत असतानाही नोंद होते. ईकॅप दवाखान्यात रुजला तो या सोयीमुळे.

रेषा मिळते कशी

पल्स दिल्यापासून ०.२ ते ०.४ मिलिसेकंदांत रेषा खाली जाते आणि ०.६ ते ०.८ मिलिसेकंदांच्या आसपास वर येते. या दोन टोकांमधले अंतर म्हणजे प्रतिसादाची उंची. ती काही मायक्रोव्होल्टपासून कित्येकशे मायक्रोव्होल्टपर्यंत असते. मस्तिष्कस्तंभाच्या लाटेच्या मानाने हा आकडा भरघोस आहे. अडचण वेगळीच आहे. दिलेल्या पल्सचा विद्युत धक्का कॉक्लिआतल्या त्याच द्रवात, त्याच क्षणी, कित्येक पटींनी मोठा असतो. ढोल-ताशाच्या गजरात टाचणी पडल्याचा आवाज टिपावा, तसे हे काम आहे.

त्यावरचा सर्वांत रुळलेला उपाय नसेच्याच एका स्वभावावर उभा आहे. तंतू एकदा उद्दीपित झाला की क्षणभर दम घेतो आणि तेवढ्या वेळात तो पुन्हा पेटत नाही. म्हणून चार फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत एकटी पल्स : नोंदीत धक्काही येतो आणि उत्तरही. दुसऱ्या फेरीत तिच्या सुमारे ४०० मायक्रोसेकंद आधी एक जोरकस पल्स देतात. तंतू त्या आधीच्या पल्सने पेटून दम घेत असतात, त्यामुळे मागून आलेल्या पल्सचा धक्का नोंदला जातो, उत्तर नाही. तिसऱ्या फेरीत फक्त ती आधीची पल्स आणि चौथीत काहीच नाही, निव्वळ ॲम्प्लिफायर सुरू झाल्याची खूण. पहिलीतून दुसरी वजा, तिसरी मिळवली, चौथी वजा केली की हाती उरते ते नसेचे उत्तर.

दुसरी पद्धत याहून सोपी : एकदा धन बाजूने सुरू होणारी पल्स, एकदा ऋण बाजूने आणि दोहोंची सरासरी. धक्का उलटसुलट होऊन फिटतो, उत्तर राहते. पण यात एक गृहीत दडलेले आहे, की दोन्ही दिशांना नस सारखेच उत्तर देते. ते खरे नाही. माणसाचा कान धन टप्प्याला जास्त संवेदनशील असल्याचे दिसले आहे, तर प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत बरेचदा उलटे दिसते. चार फेऱ्यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आधीची पल्स पुरेशी जोरकस नसेल तर काही तंतू दुसऱ्या पल्सलाही उत्तर देतात आणि वजाबाकीत तेवढा प्रतिसाद गळून जातो. यंत्रायंत्रांत ॲम्प्लिफायर, पल्सचा आकार आणि धक्का काढण्याची रीत वेगळी असते. म्हणून एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसरीच्या आकड्याशी थेट ताडून पाहणे धोक्याचे असते. अभ्यास एकत्र करताना हा मुद्दा वारंवार आडवा येतो.

या रेषेतून मुख्यतः चार गोष्टी काढतात : किती विद्युतप्रवाहावर उत्तर प्रथम दिसते तो उंबरठा, प्रवाह वाढवत गेल्यावर उत्तर किती झपाट्याने वाढते तो चढ, दोन पल्समधले अंतर बदलून मिळणारा नसेचा सावरण्याचा वेग आणि एका इलेक्ट्रोडची वीज शेजारच्यांच्या हद्दीत किती पसरते तो विस्तार. तार टोकाशी दुमडली असेल तर विस्ताराच्या नोंदीत विचित्र आकृती दिसू शकते, त्यामुळे टेबलावरच शंका घेता येते.

मॅपिंगचा वाद

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ‘स्विच ऑन’ होते आणि मॅपिंग सुरू होते. प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन पातळ्या ठरवायच्या असतात : ऐकू येऊ लागते ती किमान आणि त्रास न होता सहन होते ती कमाल. मोठ्या मुलाला ऑडिओलॉजिस्ट सांगते, ‘आवाज आला की कडी खांबात टाक.’ मूल कडी गालाशी धरून वाट पाहते, डोळे मोठे होतात, कडी पडते. बारा, सोळा किंवा बावीस इलेक्ट्रोड आणि प्रत्येकाच्या दोन पातळ्या. दीड वर्षाचे मूल यातल्या दोनांपर्यंतही टिकत नाही. मग ईकॅपचा उंबरठा त्या जागी वापरावा का?

पहिली भूमिका म्हणते, वापरावा. दोन-तीन इलेक्ट्रोडवर मुलाच्या वागण्यावरून पातळी ठरवायची आणि बाकीच्यांची चढउताराची रूपरेषा ईकॅपवरून घ्यायची, ही वाट आयोवाच्या गटाने २००० च्या सुमारास दाखवली. उट्रेख्टच्या गिडो स्मोरेनबुर्ख आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली रीतही याच कुळातली : ईकॅपची रूपरेषा जशीच्या तशी उचलायची आणि पूर्ण रेषा त्या माणसाच्या सोयीप्रमाणे वरखाली सरकवायची. जिथे एकच ऑडिओलॉजिस्ट आणि रांगेत वीस मुले असतात, तिथे या रीतीचे मोल फार मोठे आहे.

दुसरी भूमिका सावध आहे आणि तिच्याकडे आकडे आहेत. लायडनच्या गटाने २०१८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. ईकॅपचा उंबरठा आणि मॅपमधल्या पातळ्या यांचा एकत्रित सहसंबंध ०.६ च्या आसपास आला. म्हणजे नाते आहे, पण लोकांच्या पातळ्यांमधला जेमतेम एक तृतीयांश फरक त्याने उलगडतो. एखाद्या मुलासमोर बसल्यावर तेवढ्यावर विसंबता येत नाही. याचे एक कारण सरळ आहे. ईकॅप नोंदताना सेकंदाला सुमारे ८० पल्स देतात, तर रोजच्या वापरात पुष्कळ यंत्रे प्रत्येक इलेक्ट्रोडवर सेकंदाला ९०० पल्स देतात. भराभर येणाऱ्या पल्स मेंदू एकत्र जोडून ऐकतो आणि ही जोडण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. ईकॅप नसेपाशी थांबतो, आवाजाची तीव्रता ठरते त्याच्या पुष्कळ पुढे. शिवाय उंबरठा बहुधा किमान आणि कमाल या पातळ्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, तर काहींमध्ये कमाल पातळीच्याही वर जातो. तो आंधळेपणाने कमाल पातळी म्हणून वापरला तर मुलाला आवाजाचा त्रास होईल, आणि एकदा धास्तावलेले मूल मशीन लावूच देत नाही.

तिसरी भूमिका म्हणते, कमाल पातळीसाठी ईकॅपपेक्षा स्टेपिडिअस स्नायूचा प्रतिक्षेप पाहा. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला हा चिमुकला स्नायू आखडतो. विद्युत उद्दीपनानेही तो आखडतो, आणि ज्या पातळीवर आखडतो तिचे कमाल पातळीशी नाते ईकॅपपेक्षा घट्ट असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. अडचण अशी की मधल्या कानात पाणी असेल तर हा प्रतिक्षेप दिसत नाही, काही जणांमध्ये एरवीही दिसत नाही आणि मुलाला काही मिनिटे शांत बसावे लागते.

माझ्या मते या तीन भूमिकांमधला झगडा बाहेरून दिसतो तेवढा खोल नाही. ईकॅपने सुरुवात करावी आणि मुलाच्या वागण्यावरून दुरुस्त करत जावे, हे तिन्ही बाजूंच्या अनुभवी लोकांना मान्य आहे. खरा मतभेद दुरुस्ती किती काळ आणि किती कसून करायची यावर आहे, आणि तो बराचसा मनुष्यबळावर ठरतो.

नसेचे आरोग्य मोजता येते का

आईवडिलांचा मूळ प्रश्न इथे येतो, आणि सध्याचे सर्वांत जिवंत संशोधनही इथेच आहे. एकाच वयाची, एकच यंत्र बसवलेली दोन माणसे. एक फोनवर गप्पा मारतो, दुसऱ्याला ओठ पाहिल्याशिवाय वाक्य कळत नाही. या फरकातला किती वाटा नसेतल्या जिवंत राहिलेल्या चेतापेशींचा?

प्राण्यांतून आशा मिळाली. पल्सचे दोन टप्पे असतात, आणि दुसरा टप्पा पहिल्याचा परिणाम अंशतः पुसतो. दोहोंमध्ये काही मायक्रोसेकंदांची फट वाढवली तर तंतूला पेटायला उसंत मिळते आणि उत्तर वाढते. मेलबर्नमध्ये २००६ साली आणि उट्रेख्टमध्ये २०१४ साली गिनीपिगवर झालेल्या कामात दिसले की ही वाढ चेतापेशी किती शिल्लक आहेत याच्याशी जुळते. पुढे मिशिगनमध्ये कारा श्वार्ट्झ-लेझॅक आणि ब्रायन फिंग्स्ट यांनी हेच मोजमाप माणसांत आणले. ओहायोत शुमान ही यांच्या गटाने ज्या मुलांची श्रवणनस जन्मतःच बारीक किंवा जवळपास नसलेली आहे अशांमध्ये ईकॅप तपासले. नेहमीच्या जाडीची नस असलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांची उत्तरे ठळकपणे कमजोर निघाली. म्हणजे टोकाच्या स्थितीत मोजमाप खरे बोलते.

टोके सोडून मधल्या पट्ट्यात आलो की पाय घसरू लागतात. उत्तराची उंची फक्त पेशींच्या संख्येवर ठरत नाही. इलेक्ट्रोड नसेपासून किती दूर आहे, त्याच्याभोवती तंतुमय ऊती किती वाढल्या आहेत, तंतू किती एकसाथ पेटतात, हे सगळे त्यात मिसळलेले असते. दूरचा इलेक्ट्रोड आणि रोडावलेली नस या दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसू शकतात. फटीमुळे झालेली वाढ मोजताना एकाच इलेक्ट्रोडची त्याच्याशीच तुलना होत असल्याने अंतराचा परिणाम कटेल, अशी अपेक्षा होती. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की वाढ मायक्रोव्होल्टमधल्या फरकात मांडायची की डेसिबलमध्ये, यावर निष्कर्ष बदलू शकतो. तराजूच ठरलेला नसताना वजनावर वाद घालण्यासारखे हे आहे, आणि जुने अभ्यास नव्या तराजूवर पुन्हा तोलावे लागणार आहेत.

दुसरी अडचण प्राण्यांकडून माणसाकडे येतानाची. गिनीपिगला औषधाने बहिरे केले की काही आठवड्यांत चेतापेशी झपाट्याने मरतात. माणसात त्या दशकानुदशके तग धरतात, आणि माणसाच्या या पेशींच्या मुख्य भागावर मायलिनचे आवरणही बहुतांशी नसते. मग माणसातले उत्तर पडताळायचे कशावर? जिवंत माणसाच्या कॉक्लिआतल्या पेशी मोजता येत नाहीत. इथे बॉस्टनमधल्या कर्णास्थी संग्रहाचे ऋण फार मोठे आहे. इम्प्लांट वापरलेल्या लोकांनी मृत्यूनंतर आपले कान अभ्यासासाठी दिले. सुरुवातीच्या मोजणीत पेशींची संख्या आणि त्या माणसाचे शब्द ओळखण्याचे गुण यांचा मेळच बसेना. २०१४ मध्ये ज्यांच्या दोन्ही कानांत इम्प्लांट होते अशा मोजक्या दात्यांचे दोन कान एकमेकांशी ताडले, तेव्हा जास्त पेशी असलेल्या कानाचे गुण जास्त निघाले. माणसामाणसातला मेंदूचा, भाषेचा, वयाचा फरक तुलनेतून वगळताच नसेचा वाटा दिसू लागला.

ईकॅप आणि बोलणे समजण्याची क्षमता यांचे थेट नाते शोधणाऱ्या अभ्यासांचीही अशीच गत आहे. काहींना चढाशी नाते सापडले, काहींना सावरण्याच्या वेगाशी, काहींना कशाशीच नाही. बॉस्टनच्या अनुभवावरून मला वाटते, माणसांची आपापसात तुलना करण्यापेक्षा एकाच माणसाच्या दोन कानांची किंवा एकाच कानातल्या इलेक्ट्रोडची तुलना अधिक फळेल. केंब्रिजमध्ये विकसित झालेली ‘पॅनोरॅमिक’ पद्धत हेच करते. सर्व इलेक्ट्रोडच्या जोड्यांच्या नोंदी घेऊन विजेचा पसारा आणि नसेची प्रतिसादक्षमता गणिताने वेगळी काढायचा तिचा प्रयत्न आहे. लायडनमध्ये तंतू कोणत्या क्षणी पेटले याचा आलेखच रेषेतून उलट काढण्याचे काम झाले आहे. त्यासाठी एका तंतूचा ठसा कसा असतो हे गृहीत धरावे लागते, आणि तो ठसा मुख्यतः गिनीपिगकडून घेतलेला आहे.

उत्तर आलेच नाही तर

टेबलावर रेषा सपाट राहिली तर खोलीत शांतता पसरते. पण सपाट रेषा म्हणजे बहिरी नस नव्हे. टेबलावर उत्तर न मिळालेली मुले पुढे ऐकू लागल्याचा अनुभव दवाखान्यांना आहे. तंतू एकसाथ पेटले नाहीत तर ठसा उमटत नाही, पण विखुरलेले संदेश मेंदूपर्यंत पोचू शकतात. उलट श्रवणचेताविकारात उत्तर आल्याने दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. ओटोफर्लिन जनुकातल्या दोषात बिघाड केसपेशी आणि तंतू यांच्या सांध्यापाशी असतो, नस धडधाकट असते आणि ईकॅप भरघोस येतो. बिघाड नसेतच असेल तर चित्र निराळे. नस नसल्यासारखीच असेल तेव्हा मस्तिष्कस्तंभावर इम्प्लांट बसवायचा विचार होतो. तो निर्णय एकट्या ईकॅपवर घेत नाहीत. एमआरआय, मस्तिष्कस्तंभाच्या नोंदी आणि मुलाचे वागणे एकत्र पाहतात.

आपल्याकडे, आणि जे बाकी आहे

केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. त्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था समन्वयाचे काम पाहते. त्यामुळे ज्यांना हे स्वप्नातही परवडले नसते अशा घरांतली मुले ऐकू लागली. पण मॅपिंग एकदा करून भागत नाही, आणि गडचिरोली किंवा नंदुरबारहून प्रत्येक वेळी शहर गाठणे म्हणजे रोजगार बुडवून केलेला प्रवास. मूल त्या दिवशी थकलेले, रडवेले असते आणि कडी खांबात पडत नाही. अशा दिवशी फाईलमधले टेबलावरचे ईकॅपचे आकडे हाच आधार उरतो. ईकॅपला भाषा लागत नाही, हा त्याचा इथला मोठा गुण.

तोच त्याचा अपुरेपणाही आहे. ईकॅप आणि बोलणे समजणे यांच्या नात्यावरचे बहुतांश काम इंग्रजी, डच, जर्मन बोलणाऱ्यांवर झाले आहे. मराठीत ‘काल’ आणि ‘खाल’, ‘दार’ आणि ‘धार’ यांतला भेद क्षणभराच्या श्वासाने ठरतो, ‘माळ’ आणि ‘माल’ यांतला भेद जिभेच्या जागेने. नसेच्या सावरण्याच्या वेगाचा अशा भेदांशी संबंध आहे का, हे मराठी मुलांमध्येच तपासावे लागेल. त्यासाठी यंत्रे आहेत, मुलेही आहेत.

काळाचा प्रश्नही मोकळाच आहे. टेबलावर घेतलेला उंबरठा पहिल्या काही महिन्यांत पुष्कळदा बदलतो आणि मग स्थिरावतो. त्यानंतर वीस-तीस वर्षांत नसेचे काय होते? सततच्या उद्दीपनाने ती टिकते की झिजते? नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्या मुलांच्या कानात ॲम्प्लिफायर असलेले इम्प्लांट बसले, ती आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या रेषा ज्या ज्या दवाखान्यांनी जपून ठेवल्या आहेत, तिथे आजची रेषा शेजारी मांडून पाहता येते. पुष्कळ ठिकाणी फाईलमध्ये मूळ नोंद नसते, फक्त उंबरठ्याचा एक आकडा आणि तारीख असते.